माळरानाच्या नोंदी आमच्याकडे आहेत. त्या निर्णयापर्यंत पोहोचवायच्या कशा?

प्राध्यापक_परंडा

सर्वांना नमस्कार. मी धाराशिव जिल्ह्यातील एका महाविद्यालयात प्राणिशास्त्र शिकवतो. गेल्या काही वर्षांपासून आमचे विद्यार्थी भूम आणि परंडा तालुक्यांतील माळरानांवरचे पक्षी, सस्तन प्राणी आणि गवते यांच्या नोंदी ठेवत आले आहेत. प्रत्येक नोंदीसोबत तारीख, वेळ, अक्षांश-रेखांश आणि शक्य तेथे छायाचित्र आहे. धाविक, पखुर्डी, माळटिटवी, चंडोलांच्या अनेक जाती, हिवाळ्यात उत्तरेकडून येणारे भोवत्ये हे शिकारी पक्षी, खोकड, काळवीट आणि लांडगा हे सारे या नोंदींत आहे. गवतांमध्ये मारवेल, पवना, कुसळी अशा जाती कोणत्या उतारावर आणि कोणत्या मातीत वाढतात हेही आम्ही टिपले आहे.

या नोंदींवरून एक सविस्तर अहवाल तयार करून आम्ही तो संबंधित कार्यालयात दिला. पोहोच मिळाली, पुढे काहीही झाले नाही. यंदा उन्हाळ्यात, ज्या गायरानावर आमच्या सर्वाधिक नोंदी आहेत तेथेच वृक्षलागवडीची आखणी झाली. विद्यार्थी सकाळी पोहोचले तेव्हा फक्कीने मारलेल्या खुणांच्या ओळी सरळ माळाच्या माथ्यावर गेलेल्या होत्या आणि दोन खुणांच्या मधल्या मुरमाड जागेत माळटिटवीची चार अंडी होती. खोदाई करणाऱ्या मजुरांनी ती जागा स्वतःहून सोडली, त्याबद्दल मला त्यांचा आदर वाटतो. पण एका घरट्याभोवतीची जागा सुटल्याने त्या माळाचे गवत वाचत नाही.

झाडे लावण्यास माझा विरोध नाही. वनक्षेत्र अत्यल्प असलेल्या आपल्या मराठवाड्यात झाडांची गरज कोणालाही पटेल. तथापि जे मुळातच गवताचे रान आहे, जेथे हजारो वर्षांपासून गवत, चरणारे प्राणी आणि त्यांवर जगणारे शिकारी असा संसार चालत आला आहे, तेथे खड्डे खणून गिरिपुष्पाच्या (ग्लिरिसिडियाच्या) रांगा उभ्या करणे म्हणजे एक परिसंस्था मोडून तिच्या जागी दुसरी, बहुधा न टिकणारी, वस्तू ठेवणे होय. हे विज्ञानाला चांगले ठाऊक आहे. मग ते निर्णय घेणाऱ्यापर्यंत का पोहोचत नाही? आम्ही काय लिहावे, कोणाला द्यावे, केव्हा द्यावे? अभ्यासामुळे धोरण खरोखर बदलले असे उदाहरण आपल्यापैकी कोणाला माहीत असेल, तर ते कशामुळे शक्य झाले हे कृपया सविस्तर सांगावे.

---

निवृत्त_वनाधिकारी_बीड

सर, आपल्या विद्यार्थ्यांचे काम मोलाचे आहे. ज्या खुर्चीकडे आपला अहवाल गेला असावा, तशा खुर्च्यांवर मी बरीच वर्षे बसलो असल्याने त्या बाजूने काय दिसते ते लिहितो.

गायरान ही शासनाची जमीन असून तिची देखभाल ग्रामपंचायतीकडे असते. तिच्या वापराचा निर्णय महसूल खात्यात, म्हणजे तहसीलदार आणि जिल्हाधिकारी यांच्या पातळीवर होतो. लागवड मात्र सामाजिक वनीकरण विभाग, वन विभाग किंवा ग्रामपंचायत करते. म्हणजे एका माळावर तीन-चार यंत्रणांचा हात आहे आणि माळाचा एकूण विचार करण्याची जबाबदारी त्यांपैकी एकीवरही नाही. त्यातच उद्दिष्टे वरून येतात ती रोपांच्या संख्येत. राज्यातील मोठ्या लागवड मोहिमांचे आकडे आठवून पाहा: 2016 मध्ये 2 कोटी, 2017 मध्ये 4 कोटी, 2018 मध्ये 13 कोटी आणि 2019 मध्ये 33 कोटी. हे उद्दिष्ट तालुक्याच्या वाट्याला आले की खालचा कर्मचारी मोकळी जागा शोधू लागतो. शेतजमीन खासगी असते, डोंगर उताराला खड्डे खणणे खर्चाचे असते. उरते ते गायरान आणि मुरमाड माळ. त्याच्या प्रपत्रात रोपांचा रकाना आहे, जिवंत रोपांच्या टक्केवारीचा आहे, गवताचा नाही. त्या माणसाला निसर्गाविषयी आस्था नाही असे समजू नका. त्याला विचारलेच जात नाही, तर तो सांगणार काय?

आता वेळेविषयी. जून-जुलैच्या लागवडीचे खड्डे एप्रिल-मेमध्ये खणले जातात, पण जागेची निवड, अंदाजपत्रक आणि मंजुरी हे सारे त्याआधीच्या हिवाळ्यात उरकलेले असते. आपला अहवाल उन्हाळ्यात पोहोचला असेल, तर तो कितीही उत्तम असला तरी मंजूर झालेले काम रद्द करण्याची मागणी एवढेच त्याचे स्वरूप राहते, आणि मंजूर काम रद्द करण्याचे धाडस सहसा कोणी करत नाही. हाच मजकूर ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये दिला, तर तो जागा निवडण्याचे साधन ठरतो. ग्रामपंचायतींचे पुढील वर्षाचे विकास आराखडेही 2 ऑक्टोबरपासून सुरू होणाऱ्या मोहिमेत तयार होतात. त्या काळात गावात असावे.

आणि लिहायचे कसे, तर गटवार. अक्षांश-रेखांश आपल्याला उपयोगी आहेत. तलाठ्याला आणि वनरक्षकाला गट क्रमांक आणि गाव नकाशा कळतो. एका गटासाठी एक पान करावे: या गटात काय आहे, कोणता भाग खोदू नये, कोणता भाग लागवडीस योग्य आहे, आणि मार्च ते जुलै हा जमिनीवर घरटी करणाऱ्या पक्ष्यांच्या विणीचा काळ असल्याने खोदकाम कोणत्या महिन्यांत टाळावे. माझा अनुभव असा की, ‘येथे लावू नका’ एवढेच लिहिलेल्या पत्राला उत्तर मिळत नाही. ‘माथ्यावर नको, नाल्याच्या दोन्ही काठांनी आणि बांधालगत लावा, तेथे ओल आहे आणि रोपे जगतील’ असे लिहिले, तर कर्मचाऱ्याचे उद्दिष्टही पूर्ण होते आणि माथ्यावरचे गवतही राहते. उथळ मुरमात लावलेली रोपे दुसरा उन्हाळा पाहत नाहीत, हे त्यालाही ठाऊक असते.

वन्यजीव संरक्षण अधिनियम, 1972 मध्ये शिकारीच्या व्याख्येत पक्ष्यांची अंडी आणि घरटी नष्ट करणेही येते. हा मुद्दा आपल्या हाती आहे, पण सुरुवात त्याने करू नये. कायद्याची नोटीस पहिल्या दिवशी पुढे केली की पुढची सारी चर्चा बचावाची होते.

---

पशुवैद्य_परभणी

आदरणीय सर, अभ्यासाने धोरण बदलल्याचे सर्वांत स्पष्ट उदाहरण माझ्या व्यवसायातले आहे, म्हणून थोडे विस्ताराने लिहितो.

गिधाडे आपल्याकडे गावोगाव दिसत असत. 1990 च्या दशकात ती इतक्या वेगाने नाहीशी होऊ लागली की, 1992 ते 2007 या काळात भारतातील पांढऱ्या पाठीच्या गिधाडांची संख्या 99 टक्क्यांहून अधिक घटली. रोग, कीटकनाशके, अन्नाची टंचाई असे अनेक तर्क झाले. अखेर पाकिस्तानातील मेलेल्या गिधाडांच्या तपासणीवरून 2004 मध्ये सिद्ध झाले की, जनावरांना वेदनाशामक म्हणून दिले जाणारे डायक्लोफेनॅक त्यांच्या मृतदेहांतून गिधाडांच्या पोटात जाते आणि मूत्रपिंडे निकामी करते. पुढे असेही दिसले की, मेलेल्या शंभर जनावरांपैकी एकापेक्षाही कमी जनावरात घातक मात्रा असली तरी एवढी घट होण्यास ती पुरेशी ठरते. 2006 मध्ये भारत सरकारने जनावरांसाठीच्या डायक्लोफेनॅकवर बंदी घातली. दोन वर्षांत, हे आपल्या देशात फार लवकर म्हणावे लागेल.

हे इतक्या लवकर का झाले, याचा मी पुष्कळ विचार केला आहे. कारण एकच होते आणि ते नि:संदिग्ध सिद्ध झाले. निर्णय एका औषध नियंत्रण यंत्रणेच्या हातात होता. आणि माझ्या मते सर्वांत महत्त्वाचे म्हणजे पर्याय तयार होता: मेलॉक्झिकॅम गिधाडांना सुरक्षित असल्याचे तपासून झाले होते आणि ते गोठ्यात उभ्या असलेल्या आमच्यासारख्या डॉक्टरला तेवढेच उपयोगी पडत होते. शेतकऱ्याची गाय तापाने फणफणत असताना त्याला गिधाडांविषयी व्याख्यान देऊन चालत नाही. दुसरी बाटली द्यावी लागते.

तरीही गोष्ट तेथे संपली नाही. माणसांसाठीच्या डायक्लोफेनॅकच्या मोठ्या, 30 मिलिलिटरच्या बाटल्या दुकानांत मिळतच होत्या आणि त्या जनावरांना टोचल्या जात होत्या. ती वाट बंद करण्यासाठी इंजेक्शनची बाटली 3 मिलिलिटरपेक्षा मोठी नसावी, असा नियम 2015 मध्ये झाला. अ‍ॅसिक्लोफेनॅक आणि किटोप्रोफेन यांचा जनावरांसाठीचा वापर 2023 मध्ये बंद झाला. म्हणजे बंदीनंतरही अभ्यासकांना दुकानांची पाहणी, मृत जनावरांच्या यकृताचे नमुने आणि पुन्हा पुन्हा केलेला पत्रव्यवहार चालूच ठेवावा लागला. निर्णय झाला म्हणून नोंदवही मिटली असती, तर मोठ्या बाटल्या आजही चालू असत्या.

आता आपल्या माळाकडे वळतो. आपल्याकडे मेलॉक्झिकॅमच्या जागी काय आहे? माझे उत्तर आहे: चारा. 2012-13 आणि 2018-19 च्या दुष्काळांत आपल्या भागात चारा छावण्या उघडाव्या लागल्या, त्यांवर शासनाचा किती पैसा गेला हे प्रत्येक तहसीलदाराला आठवते. धाविक आणि चंडोल यांची नावे त्यांच्या कानावर नसतील, पण ‘या गायरानातून हेक्टरी इतका वाळला चारा निघतो आणि खड्डे खणल्यास तो निघणार नाही’ हे वाक्य ते दोनदा वाचतील. हा आकडा काढणे विद्यार्थ्यांना अवघड नाही. एक मीटर बाय एक मीटरची चौकट माळावर ठरलेल्या पद्धतीने जागोजागी टाकावी, आतले गवत जमिनीलगत कापावे, जातीनिहाय वेगळे करावे, सावलीत वाळवून वजन करावे. जाती वेगळ्या करणे फार आवश्यक आहे, कारण मारवेल आणि पवना जनावरे आवडीने खातात, तर कुसळीला फुलोरा येऊन गेला की तिची कुसळे मेंढ्यांच्या तोंडात आणि लोकरीत रुततात. म्हणजे गवताची विविधता आणि चाऱ्याची प्रत यांचा संबंध आकड्यांत दिसेल. पुढे त्या गायरानाचा काही भाग बी गळेपर्यंत राखून नंतर कापणीसाठी दिला, तर ग्रामपंचायतीला उत्पन्नही मिळू शकते.

---

समिती_सदस्य_कंधार

सरांना आणि सर्वांना नमस्कार. मी आमच्या गावच्या जैवविविधता व्यवस्थापन समितीची सदस्य आहे. वर जे लिहिले गेले ते उपयुक्त आहे, पण त्यात एक उणीव आहे आणि ती मला गंभीर वाटते, म्हणून स्पष्टपणे लिहिते.

जैविक विविधता अधिनियम, 2002 च्या कलम 41 नुसार प्रत्येक स्थानिक संस्थेत अशी समिती असावी लागते आणि तिने गावकऱ्यांशी बोलून लोक जैवविविधता नोंदवही तयार करावयाची असते. देशभर हे काम रेंगाळले होते. राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाने 31 जानेवारी 2020 ही मुदत घातली आणि त्यानंतर काम न करणाऱ्या राज्यांना महिन्याला 10 लाख रुपये भरावे लागतील असे बजावले, तेव्हा घाई सुरू झाली. आमची नोंदवही त्याच घाईत एका बाहेरच्या संस्थेने करून दिली. शेजारच्या गावची नोंदवही मी मागून पाहिली. पानेच्या पाने सारखी होती, आणि आमच्या शिवारात कधीच नसलेल्या झाडांची नावे आमच्या नावावर होती. लाल कंधारी गायीचा हा तालुका, तिच्या नावातच कंधार आहे, आणि त्या नोंदवहीत लाल कंधारीविषयी दोन ओळी होत्या. कोणाच्या गोठ्यात किती गायी आहेत, वळू कोणाकडे आहे, त्या कोणत्या माळावर चरतात, याचा शब्द नव्हता. न्यायाधिकरणाने घातलेली मुदत पाळली गेली आणि जे टिपायचे होते ते राहिले.

म्हणून सर, माझा आपल्याला प्रश्न असा की, आपल्या नोंदींत माणसे कोठे आहेत? त्या माळावर कोणाच्या मेंढ्या येतात, दिवाळीनंतर मेंढपाळ कोणत्या वाटेने खाली उतरतात, कोणत्या शेतकऱ्यांच्या रानात ते खतासाठी मेंढ्या बसवतात, लांडग्याची पिल्ले कोणत्या ओहोळात असतात हे त्यांना कसे ठाऊक असते, आणि मेंढी गेली तरी ते लांडग्याच्या मागे का लागत नाहीत? हे सारे आपल्या पक्ष्यांच्या यादीइतकेच शास्त्रीय आहे. त्याहूनही अवघड प्रश्न गायरानावर पोट असलेल्या भूमिहीन कुटुंबांचा आहे. मराठवाड्यात दलित आणि इतर भूमिहीन कुटुंबांनी गायरान जमिनी कसून त्यांवर हक्क मागण्याचा लढा अनेक दशके दिला आहे. 1991 च्या शासन निर्णयाने 14 एप्रिल 1990 पूर्वीची काही अतिक्रमणे नियमित करण्याची तरतूद केली, तरी कित्येकांच्या नावावर जमीन आजही नाही. आपला अहवाल उद्या त्या कुटुंबांना हटवण्यासाठी वापरला गेला, तर आपल्याला ते चालेल का? चालणार नाही, याची मला खात्री आहे. पण अहवालात तसे लिहिलेले नसेल, तर आपली खात्री कोणाच्याही उपयोगाची नाही.

शेजारच्या सोलापूर-नगर भागातील माळढोक अभयारण्याचा धडा समोर आहे. 1979 मध्ये ते जाहीर झाले तेव्हा क्षेत्र होते 8,496 चौरस किलोमीटर. त्यात शेते, वस्त्या, रस्ते असे सारे आले. लोकांना खरेदी-विक्री आणि बांधकामाच्या अडचणी सोसाव्या लागल्या, पक्ष्याविषयीच राग निर्माण झाला, आणि अखेर ते क्षेत्र सुमारे 1,222 चौरस किलोमीटरपर्यंत कमी करावे लागले. दरम्यान माळढोक आपल्या राज्यातून जवळजवळ नाहीसा झाला. त्या पक्ष्याविषयीच्या ज्ञानाची कमतरता नव्हती. मादी सहसा एकच अंडे घालते, तिला उघडे गवत लागते, हे अभ्यासकांना माहीत होते. रेषा कोठे आखायची हे ठरवताना त्या रेषेच्या आत राहणाऱ्या माणसांना विचारले गेले नाही.

---

प्राध्यापक_परंडा

तिघांचेही मनापासून आभार. ताई, आपला प्रश्न रास्त आहे. मेंढपाळ आणि गायरान कसणारी कुटुंबे यांच्याशी बसून, त्यांच्या संमतीने, त्यांचे वापराचे क्षेत्र त्याच नकाशावर दाखवायचे असे आम्ही ठरवत आहोत; त्या कुटुंबांचे हक्क अबाधित राहावेत हे अहवालाच्या पहिल्या पानावर असेल.

एक शंका राहते. शेतीसाठी सौर वीज प्रकल्प उभारण्याच्या मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना 2.0 साठी आमच्या भागातील गायराने सुचवली जात आहेत. शेतकऱ्याला दिवसा वीज मिळावी हे मलाही हवे आहे. ग्रामसभेने एखादा माळ गवतासाठी राखण्याचा ठराव केला, तर तो अशा वेळी कितपत टिकतो?

---

निवृत्त_वनाधिकारी_बीड

सर, केवळ ठरावाने जमीन राखली जाईल अशी हमी देता येत नाही. अंतिम अधिकार शासनाचा आहे. पण 12 जुलै 2011 च्या शासन निर्णयात, सर्वोच्च न्यायालयाच्या त्याच वर्षीच्या निकालाला अनुसरून, गायरान जमिनी सार्वजनिक कामासाठीही अन्य जमीन उपलब्ध नसेल तेव्हाच विचारात घ्याव्यात अशी भूमिका आहे. म्हणून ठरावासोबत पर्यायी जागा सुचवणारा नकाशा जोडावा. तालुक्यात खडकाळ, गवत नसलेले, जुन्या खाणींचे किंवा कालव्यालगतचे पडीक तुकडे असतात. विद्यार्थ्यांनी तेही तपासून, तेथे विशेष काही आढळले नाही असे प्रामाणिकपणे लिहून द्यावे. ‘सगळेच मौल्यवान आहे’ असे म्हणणाऱ्या अभ्यासकाचे कोणी ऐकत नाही, आणि ते योग्यच आहे. कोणता माळ सोडता येईल हे सांगण्याची तयारी असेल, तरच कोणता सोडता येणार नाही या सांगण्याला वजन येते.

दुसरा मार्ग जैविक विविधता अधिनियमाच्या कलम 37 चा, जैविक वारसा स्थळाचा. आंबोलीतील हिरण्यकेशीच्या उगमाजवळ माशाची एक नवी जाती सापडून 2020 मध्ये तिचे शास्त्रीय वर्णन प्रसिद्ध झाले आणि 2021 मध्ये तेथील 2.11 हेक्टर क्षेत्राला हा दर्जा मिळाला. क्षेत्र लहान, सीमा स्पष्ट, मंदिरामुळे आधीपासून जपलेली जागा, आणि जाती केवळ तेथलीच. आपल्याकडे अशी एकमेव जाती नसेलही, पण लहान आणि स्पष्ट सीमेचा एक माळ निवडून, ग्रामपंचायतीच्या पुढाकाराने प्रस्ताव राज्य जैवविविधता मंडळाकडे नागपूरला पाठवता येईल. संपूर्ण तालुक्याचा प्रस्ताव एकदम करू नये. स्थानिक जीवजाती आणि वाण जपण्यासाठीच्या राज्याच्या जनुक कोश प्रकल्पातही गवताळ माळ आणि कुरणे हा स्वतंत्र विषय आहे, त्याचा उल्लेख प्रस्तावात असावा.

---

पशुवैद्य_परभणी

सर, चौकटीच्या कामाबाबत एक सूचना. यंदा जेथे खड्डे खणले गेले तो माळही सोडू नका. खणलेला भाग आणि न खणलेला भाग, एकाच मातीचा, शेजारी शेजारी निवडून दोन्हींकडे सारख्या चौकटी टाका आणि तीच जागा पुढील वर्षांतही मोजत राहा. रोपांपैकी किती जगली तेही त्याच कागदावर असू द्या. पुढच्या वर्षी जागा निवडणाऱ्या अधिकाऱ्याला याच तालुक्यातील आकडा दाखवता येईल, परदेशातला अभ्यास दाखवावा लागणार नाही.

कापणी गवत फुलोऱ्यात असताना, म्हणजे सप्टेंबरअखेर ते ऑक्टोबरच्या सुरुवातीला करावी लागेल. मेंढपाळांना आधी कल्पना देऊन चौकटींच्या जागा तेवढ्या दिवसांपुरत्या काटे लावून राखाव्यात. वजनकाटा ग्रॅममध्ये मोजणारा हवा. लोखंडी चौकटी गावातला कोणीही वेल्डिंगवाला करून देईल, आणि जातींच्या ओळखीसाठी कृषी विद्यापीठातील चारापीक विषयाच्या मंडळींशी मी आपली गाठ घालून देईन.